नाशिकमध्ये बसून जर्मनीतल्या खेड्याच्या फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा

नाशिकमधील अनेक घरांतली मुले-मुली आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत राहतात, आणि सातपूरच्या बॉश कारखान्यामुळे त्या देशाशी शहराची ओळख त्याहूनही जुनी आहे. तरीही मराठीत जर्मन फुटबॉलविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा बायर्न म्युनिक, डॉर्टमुंड आणि विश्वचषक यांपुरतेच असते. जर्मन फुटबॉल संघटनेशी, म्हणजे डीएफबीशी, सुमारे २४ हजार क्लब संलग्न आहेत आणि त्यांतले असंख्य क्लब हजार-दोन हजार वस्तीच्या गावांमध्ये आपले मैदान, आपले छोटे क्लबघर आणि आपले दप्तर सांभाळून आहेत. अशा एका क्लबचा इतिहास म्हणजे त्या गावाच्या शंभर वर्षांचा इतिहास असतो. तो मराठीत लिहिता येतो आणि त्याचा बराचसा भाग नाशिकमध्ये बसूनही लिहिता येतो. तो कसा, हे या लेखात सांगितले आहे. सामन्यांचे निकाल ही अशा इतिहासाची सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे, असे माझे ठाम मत आहे. क्लबचे दप्तर नीट वाचणे, आणि दप्तर जिथे गप्प आहे तिथे ते का गप्प आहे हे विचारणे, यातच लेखकाचे खरे काम आहे.

क्लब निवडताना

ज्या गावात आपले कोणी राहते, निदान ज्या गावातला कोणी आपल्या ओळखीचा आहे, त्या गावाचा क्लब निवडावा. पुतण्या किंवा भाची शेजारच्या शहरात शिकत असली तरी पुरे. रविवारी दुपारी मैदानावर जाऊन चिटणिसांना भेटणारा एक माणूस हवा. प्रसिद्ध क्लब टाळलेला बरा, कारण त्याच्याविषयी इतके लिहिले गेलेले असते की नवे हाती लागत नाही, आणि क्लबही परक्या जिज्ञासूला वेळ देऊ शकत नाही.

पहिले पत्र क्लबच्या चिटणिसांना, साध्या आणि आदरार्थी जर्मनमध्ये लिहावे. आपण कोण, कुठून लिहितो, गावाशी आपला काय संबंध आणि आपल्याला नेमके काय पाहायचे आहे, एवढेच त्यात असावे. ही सारी पदे बिनपगारी असतात. चिटणीस दिवसभर आपली नोकरी करून संध्याकाळी क्लबचे काम पाहतात, त्यामुळे उत्तराला महिना लागला तरी तगादा लावू नये. पहिल्याच पत्रात संपूर्ण दप्तर मागू नये. जुनी स्मरणिका असल्यास तिची प्रत मागावी. पंचविसाव्या, पन्नासाव्या, शंभराव्या वर्षी स्मरणिका काढण्याची तिकडे जुनी रीत आहे आणि तिच्यात अध्यक्षांची यादी, संघांची छायाचित्रे आणि स्थापनेची हकिगत एकत्र मिळते.

नाव आणि स्थापनेचे वर्ष

क्लबच्या नावातली आद्याक्षरे आणि वर्ष हा पहिला पुरावा समजावा, पण तो जसाच्या तसा स्वीकारू नये. होफेनहाइमचे उदाहरण या बाबतीत फार उपयोगी आहे. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावचा क्लब लीगांच्या आठव्या पायरीवरून चढत २००८ मध्ये बुंडेसलीगात, म्हणजे सर्वोच्च लीगमध्ये, पोहोचला. त्यामागे गावच्याच क्लबात लहानपणी खेळलेले आणि पुढे सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेले डीटमार होप यांचा पैसा होता. क्लबच्या नावात १८९९ हे वर्ष आहे. मात्र ते गावातल्या व्यायाम मंडळाच्या स्थापनेचे वर्ष आहे. गावचा फुटबॉल क्लब १९२० चा आहे आणि दोन्ही संस्था एकत्र आल्या त्या १९४५ मध्ये. मग क्लबचे वय किती मानायचे? माझ्या मते लेखकाने निवाडा करण्याच्या भरीस पडू नये. तिन्ही वर्षे द्यावीत आणि प्रत्येक वर्षी नेमके काय घडले ते सांगावे.

व्यायाम मंडळाचा हा धागा जवळपास प्रत्येक गावात सापडतो. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाजेनहाइडे येथे खुले व्यायामाचे मैदान सुरू केले आणि त्यातून व्यायाम मंडळांची जी चळवळ उभी राहिली, ती एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांत पोहोचली. फुटबॉल मागाहून आला. ब्राउनश्वाइग येथील शिक्षक कोनराड कोख यांनी १८७४ मध्ये तो शाळेत खेळवला आणि २८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिग येथे डीएफबीची स्थापना झाली. शिस्तबद्ध सामूहिक व्यायाम मानणाऱ्या जुन्या मंडळींना हा इंग्रजी खेळ आवडत नसे. हा ताण इतका वाढला की १९२४ च्या सुमारास व्यायाम संघटना आणि क्रीडा संघटना औपचारिकपणे विभक्त झाल्या आणि अनेक गावांतले एकच मंडळ दोन झाले. म्हणून १९२४ च्या आसपास स्थापन झालेला फुटबॉल क्लब दिसला, की त्याच्या आधीच्या व्यायाम मंडळाचा शोध घ्यावा. नावात टीएसव्ही किंवा टीयूएस ही अक्षरे असतील तर व्यायाम आणि क्रीडा दोन्हींचा वारसा आहे असे समजावे. डीजेके असेल तर कॅथलिक युवक संघटनेचा, जी १९२० मध्ये वुर्त्सबुर्ग येथे स्थापन झाली. पूर्व जर्मनीतल्या खेड्यात जुन्या कागदांवर ‘ट्राक्टोर’ हे नाव दिसल्यास तो शेतीक्षेत्राशी जोडलेला क्लब होता, कारण तिथे क्लबांची नावे व्यवसायांवरून दिली जात: रेल्वेवाल्यांचे लोकोमोटिव्ह, यंत्र कारखान्यांचे मोटोर, रसायन उद्योगाचे केमी. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर यांतल्या अनेकांनी नव्याने नोंदणी करून जुनी नावे परत घेतली.

दप्तर कसे वाचावे

जर्मन नागरी संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू झाली आणि तिच्यानुसार संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही सातचाच आकडा आहे, त्यामुळे नाशिकमध्ये एखादे मंडळ नोंदवलेल्या माणसाला जर्मन क्लबची रचना समजायला वेळ लागत नाही: लिखित घटना, निवडलेले कार्यकारी मंडळ, वार्षिक सर्वसाधारण सभा, खजिनदाराचा अहवाल आणि हिशेबतपासणी. नोंदणी स्थानिक न्यायालयाच्या संस्था-नोंदवहीत असते. ही नोंदवही पाहण्याचा अधिकार कोणालाही आहे, आणि जर्मन राज्यांच्या सामायिक नोंदणी पोर्टलवर १ ऑगस्ट २०२२ पासून ती विनाशुल्क पाहता येते. नाशिकहून करण्याजोगे हे पहिले ठोस काम आहे. नोंदणीचे वर्ष आणि स्थापनेचे वर्ष यांत मोठे अंतर असू शकते, कारण कित्येक क्लब वर्षानुवर्षे नोंदणीविनाच चालले. दोन्ही वर्षे वेगळी लिहावीत.

त्यानंतर सभेच्या इतिवृत्ताची वही. जुन्या वह्या आजच्या रोमन अक्षरांत नसतात, हे आधी लक्षात घ्यावे. १९४१ पर्यंत शाळांत कुरेंट वळणाची लिपी, आणि तिचेच सुलभ रूप असलेली झ्यूटरलीन, शिकवली जात असे आणि ती आजच्या बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. जुन्या जमिनीच्या कागदांसाठी मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो, तसाच इथे गावातला एखादा वयस्कर जाणकार शोधावा लागतो. ट्रान्सक्रिबस हे हस्तलिखित वाचणारे संगणकीय साधन पहिला कच्चा मसुदा काढायला चांगले आहे, पण व्यक्तींच्या नावांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. छापील जुनी वृत्तपत्रे त्यामानाने सोपी असतात. ती फ्राक्टुर या जुन्या टोकदार जर्मन ठशांत असली तरी आठवडाभराच्या सरावाने वाचता येतात, आणि जर्मन डिजिटल ग्रंथालयाच्या वृत्तपत्र पोर्टलवर, जे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले, गावाचे नाव टाकून शोध घेता येतो.

मला स्वतःला इतिवृत्तापेक्षा कीर्दवही अधिक बोलकी वाटते. इतिवृत्तात सभासद जे म्हणाले ते असते, कीर्दीत त्यांनी जे केले ते. नवा चेंडू कधी घेतला, गोलच्या खांबांसाठी लाकूड कोणाकडून आले, मैदान आखायला चुना किती लागला, दुसऱ्या गावी जायला गाडीचे भाडे भरले की सायकलीवर गेले, हे सारे तिथे मिळते. १९२३ चे पान आवर्जून मागावे. त्या वर्षीच्या महागाईत नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, आणि गावच्या क्लबची वर्गणी त्या काळात कशी बदलत गेली हे एका पानावरून वाचकाला जितके समजते तितके अर्थशास्त्राच्या प्रकरणातून समजत नाही. तसेच २० जून १९४८ चे पान, कारण त्या दिवशी पश्चिम भागात डॉइच मार्क हे नवे चलन आले आणि क्लबांची साठवलेली शिल्लक जवळपास नाहीशी झाली.

१९३३ ते १९४५

या भागासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. अनेक जुन्या स्मरणिकांत या बारा वर्षांवर दोन-चार वाक्येच असतात. कठीण काळ आला, युद्ध झाले, इतके सभासद परतले नाहीत, एवढे सांगून हकिगत थेट १९४६ वर जाते. लेखकाने ही उडी मारू नये.

पहिला प्रश्न असा, की गावात दुसरा क्लब होता का. कामगार चळवळीची स्वतंत्र क्रीडा संघटना होती, तिच्या स्वतःच्या स्पर्धा होत्या, आणि लहान गावांतही ‘नागरी’ क्लब एका बाजूला व कामगार क्लब दुसऱ्या बाजूला अशी विभागणी दिसते. १९३३ मध्ये नाझी सत्तेने कामगार क्लबांवर बंदी आणली आणि त्यांची मालमत्ता काढून घेतली. कॅथलिक डीजेके १९३५ मध्ये बंद पाडण्यात आली. त्यामुळे आजच्या क्लबचे मैदान १९३३ पूर्वी कोणाचे होते, हे विचारणे अगत्याचे आहे. त्याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळू शकते.

दुसरा प्रश्न ज्यू सभासदांचा. फ्रांकेन, हेसेन आणि बाडेन या प्रदेशांतल्या कित्येक खेड्यांत शतकानुशतके ज्यू कुटुंबे राहत होती, गुरांचा आणि कापडाचा व्यापार करत होती, आणि त्यांची मुले गावच्या संघात खेळत होती. एप्रिल १९३३ मध्ये डीएफबीने ज्यू आणि मार्क्सवादी व्यक्ती नेतृत्वाच्या पदांवर ग्राह्य नसल्याचे जाहीर केले. अनेक क्लबांनी त्यापुढे जाऊन ज्यू सभासदांना सरसकट काढून टाकले. इथे एक साधी पद्धत वापरावी. १९३० ते १९३२ मधील सभासदांची आणि संघांची नावे छायाचित्रांमागच्या मजकुरावरून व इतिवृत्तावरून लिहून काढावीत आणि १९३४ च्या यादीशी ताडून पाहावीत. जी नावे गळली आहेत ती जर्मन संघराज्य अभिलेखागाराच्या स्मृतिग्रंथात शोधावीत. त्यात छळाला बळी पडलेल्या ज्यू व्यक्तींची नोंद राहण्याच्या गावानुसार पाहता येते आणि तो इंटरनेटवर खुला आहे. नाझी छळाची कागदपत्रे जपणाऱ्या आरोल्सन अभिलेखागाराचे दप्तरही घरबसल्या शोधता येते. नाव सापडल्यास त्या माणसाविषयी जे निश्चित ठाऊक आहे ते सगळे लिहावे: तो कोणत्या जागी खेळत असे, त्याच्या घराण्याचा व्यवसाय काय होता, तो कुठे नेला गेला. त्याला क्लबच्या इतिहासात पुन्हा जागा देणे लेखकाच्या हातात आहे.

या काळात अध्यक्षाचे पदनामही बदलले. निवडलेल्या अध्यक्षाऐवजी ‘फेराइन्सफ्यूरर’, म्हणजे क्लबचा नेता, आला आणि सर्व क्लबांवर एकसारखी घटना लादली गेली. तो माणूस कोण होता आणि युद्धानंतर क्लबमध्ये त्याचे स्थान काय राहिले, हा प्रश्न पत्रातून विचारताना आरोपाचा सूर अजिबात नसावा. ‘१९३१ ते १९३५ ची पाने पाहायला मिळतील का’ एवढीच विनंती करावी. पाने हरवली आहेत असे उत्तर आल्यास तेही उत्तर तारखेसह नोंदवावे. युद्धात मेलेल्या सभासदांची नावे गावच्या स्मृतिस्तंभावर असतात, आणि जर्मन युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या शोधयादीतून त्यांची दफनस्थळे मिळतात.

पुढचा टप्पा पुनःस्थापनेचा. १७ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने नाझी काळातल्या क्रीडा संस्था विसर्जित केल्या, आणि क्लब पुन्हा सुरू करायला त्या त्या भागातल्या लष्करी प्रशासनाची परवानगी लागली. तो परवाना क्लबकडे असेल तर त्याचे छायाचित्र अवश्य मागावे. याच सुमारास सायलेशिया, पूर्व प्रशिया आणि सुदेटनलांड या पूर्वेकडच्या प्रदेशांतून एक कोटीहून अधिक विस्थापित जर्मन आले. शहरे उद्ध्वस्त असल्याने त्यांतल्या पुष्कळांना खेड्यांत ठेवले गेले, एकेका घरात परकी कुटुंबे राहू लागली, बोली वेगळी, कित्येकदा पंथही वेगळा. १९४६ ते १९५० मधल्या संघांच्या याद्यांत गावाला अनोळखी आडनावे दिसू लागतात ती इथून. ती आडनावे पुढे कार्यकारी मंडळात कधी आली, हे वर्ष जरूर शोधावे. गावाने आलेल्यांना आपले कधी मानले याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

महिलांचा संघ

डीएफबीने ३० जुलै १९५५ रोजी आपल्या क्लबांना महिला संघ ठेवण्यास आणि त्यांना मैदान देण्यास मनाई केली. ही बंदी ३१ ऑक्टोबर १९७० रोजी उठली. म्हणून ‘महिला विभाग १९७१ मध्ये सुरू’ अशी नोंद स्मरणिकेत दिसली तर तिथे थांबू नये. त्याआधी गावातल्या मुली कुठे खेळत होत्या, हे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या स्त्रियांना विचारावे. लहान गावे या बाबतीत मागे नव्हती. १९७४ मधले पहिले जर्मन महिला अजिंक्यपद ऱ्हाइनहेसेनमधल्या छोट्या व्योरश्टाट गावच्या क्लबने जिंकले. तयार केलेले डबे, धुतलेले गणवेश आणि क्लबघरातले स्वयंपाकघर यांच्या नोंदी दप्तरात नसतात, त्याही याच मुलाखतींत मिळतात.

पायऱ्या, विलीनीकरण आणि गावाचे बदलते नकाशे

क्लब कोणत्या पायरीवर खेळत होता हे लिहिताना वर्ष द्यायला विसरू नये. बुंडेसलीगा १९६३ मध्ये, दुसरी बुंडेसलीगा १९७४ मध्ये आणि तिसरी लीग २००८ मध्ये सुरू झाली, आणि दर वेळी खालच्या सगळ्या लीगा सरकल्या. क्लबचा खेळ तसाच राहूनही त्याची पायरी बदललेली दिसते. जिल्हा पातळीवरील क्राइसलीगाची ओळख मराठी वाचकाला एकदाच नीट करून द्यावी आणि पुढे तोच शब्द वापरावा.

गावाचे अस्तित्वही तपासावे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकापर्यंत पश्चिम जर्मनीत ग्रामपंचायतींचे मोठे एकत्रीकरण झाले आणि हजारो गावांची स्वतंत्र पंचायत संपली. होफेनहाइमही १९७२ मध्ये झिन्सहाइम शहराचा भाग झाले. नाशिक शहरात सामावलेल्या आसपासच्या गावांत राहणाऱ्या वाचकाला हे चटकन उमगेल. पंचायत गेली तरी क्लबच्या नावात गावाचे नाव राहिले, आणि म्हणूनच शेजारच्या क्लबशी विलीन होण्याचा ठराव सभेत येतो तेव्हा चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. अशा सभेचे इतिवृत्त मिळाले तर ते विस्ताराने वापरावे. बव्हेरियातल्या फेस्टेनबेर्ग्सग्रॉइथ या खेड्याच्या क्लबने १४ ऑगस्ट १९९४ रोजी जर्मन चषकात विद्यमान बुंडेसलीगा-विजेत्या बायर्न म्युनिकला १-० असे हरवले होते. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याचा फुटबॉल विभाग फ्युर्थच्या क्लबात गेला आणि गावाच्या नावाचा तुकडा ‘ग्रॉइथर फ्युर्थ’ या नावात उरला. आता मुले कमी झाल्याने अनेक गावे कनिष्ठ गटांचे संयुक्त संघ उतरवतात. तीन गावांच्या नावांचा जोडसंघ दिसला, तर प्रत्येक गावाकडून किती मुले आहेत हे विचारावे.

मुलाखती आणि परवानग्या

भारतीय वेळ जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. रविवारी तिथे दुपारी सामने असतात, म्हणून शनिवारची सकाळ मुलाखतीला उत्तम. तेव्हा नाशिकमध्ये दुपार असते. वृद्ध सभासदांना थेट ‘आठवणी सांगा’ असे न म्हणता एखादे छायाचित्र दाखवून मागच्या रांगेपासून नावे विचारावीत. आठवणी आपोआप येतात. त्यांची बोली प्रमाण जर्मनपेक्षा बरीच वेगळी असू शकते, तेव्हा गावातलाच कोणी तरुण सोबत बसलेला बरा. ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी घ्यावी.

छायाचित्रांबाबत जर्मन कायदा काटेकोर आहे. व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध करायला तिची संमती लागते आणि मृत्यूनंतर दहा वर्षांपर्यंत नातेवाइकांची. शिवाय मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय विदा-संरक्षण नियमांमुळे आजच्या सभासदांच्या याद्या क्लब बाहेर देऊ शकत नाही. त्या मागूही नयेत. प्रत्येक छायाचित्राच्या प्रतीला क्रमांक द्यावा आणि ते कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर मिळाले हे वेगळ्या वहीत लिहावे.

मराठी मसुदा तयार झाल्यावर त्यातल्या व्यक्ती, तारखा आणि वादग्रस्त प्रसंग यांचा जर्मन गोषवारा करून क्लबला छापण्यापूर्वी पाठवावा आणि तथ्यांच्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात. १९३३ नंतरचा मजकूर गाळण्याची सूचना आली तर कागदपत्रांचा हवाला देऊन नम्रपणे नकार द्यावा. छापील पुस्तिकेची एक प्रत क्लबघराला, एक तिथल्या अभिलेखागाराला आणि एक १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. हीच पद्धत सिन्नर, निफाड किंवा दिंडोरीतल्या एखाद्या जुन्या तालमीला किंवा कबड्डी मंडळालाही लावता येते. तिथे न्यायालयातल्या नोंदवहीच्या जागी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंद पाहावी आणि अर्जासोबत मंडळाचा नोंदणी क्रमांक द्यावा, म्हणजे फाइल लवकर निघते.